शास्त्राद् रूढिर्बलीयसी : पण कोणती रूढी?

‘मुस्लिम संस्कृती’ हा शब्दप्रयोग मराठी समीक्षेत आपण फारच सैलपणे वापरतो. दलित साहित्याची चर्चा करताना महार, मांग, चांभार यांच्या अनुभवांतले भेद नोंदवण्याइतकी सावधगिरी आता आपल्या अंगवळणी पडली आहे. ग्रामीण साहित्याविषयी बोलताना कोणी माणदेश आणि वऱ्हाड यांची गल्लत केली, तर आपण त्याला लगेच टोकतो. पण कथेतले पात्र शेख किंवा पठाण निघाले, की त्याचे जेवण, त्याचे लग्न, त्याचा संताप आणि त्याच्या बायकोचे मुके दुःख हे सारे ‘इस्लाम’ नावाच्या एकाच खात्यावर मांडून आपण मोकळे होतो. पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत ‘मुस्लिम धर्मात अशी प्रथा आहे की’ हे वाक्य नियमाने भेटते. त्यापुढे येणारी प्रथा कधी हुंड्याची असते, कधी मोहरमच्या पंज्यांची, कधी चाळिसाव्याची, तर कधी बिरादरीबाहेर मुलगी न देण्याची. यांपैकी एकीलाही कुराणाचा आधार नाही. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते आपल्याच समीक्षेची भाषा उतरवून काढत असतात.

हा प्रश्न मराठीत मोठ्याने विचारला गेला तो सोलापुरात, याचा मात्र आम्हा सोलापूरकरांनाच विसर पडत चालला आहे. १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. त्यामागे ज्यांची वैचारिक उभारणी होती ते फकरुद्दीन बेन्नूर सात रस्त्यावरच्या संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत. बेन्नूर सर २०१८ साली गेले. मुसलमान म्हणजे एकजिनसी, अरबस्तानाकडे तोंड करून उभा असलेला जमाव नव्हे. तो इथल्या मातीतला, इथल्या जातींतून आणि व्यवसायांतून घडलेला, इथली भाषा बोलणारा माणूस आहे, हे सांगण्यात त्यांनी आयुष्य घालवले. त्यांचे म्हणणे आज कोणी नाकारत नाही. व्यासपीठावर तर सगळेच मान डोलावतात. वाचनात मात्र ते उतरलेले नाही.

सोलापूर जिल्ह्यातले एखादे मुस्लिम लग्न नीट पाहिले तरी हे कळते. निकाहात शास्त्राचा भाग थोडका आहे : वधूची संमती, साक्षीदार, मेहर आणि खुतबा. बाकी सारे मातीचे. हळद लागते, ओटी भरली जाते, आणि काळ्या मण्यांचा लच्छा नवरीच्या गळ्यात पडतो. या लच्छ्याला मंगळसूत्राची बहीण म्हणायला हरकत नाही. मुले जगत नसतील तर नवसाच्या पोराला दगडू किंवा धोंडू म्हणायचे, म्हणजे मृत्यू त्याच्याकडे दुर्लक्ष करील, ही समजूत पाटलांच्या घरात जशी आहे तशीच पठाणांच्या घरातही सापडते. उलट बाजूने पाहावे, तर मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांना नवस बोलून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरेने सांगितलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. अण्णा भाऊ साठ्यांच्या मांग नायकाचे नाव ‘फकिरा’ असते आणि वाचताना आपल्याला त्यात काही वेगळे वाटत नाही, इतके ते नाव आपले आहे. गावगाड्यात मुलाणी बलुतेदार होता. बकरे मराठ्याच्या दारचे असले तरी सुरी मुलाण्याची चाले आणि त्याबद्दल त्याचा वाटा ठरलेला असे. मोहरमची तर गोष्टच वेगळी. इ. स. ६८० मधल्या करबलेच्या शोकाला इथे पीर बसवणे, डोले, सवाऱ्या, चोंगे आणि मलिदा असे रूप आले. त्यात फकीर होणारे, नवस फेडणारे निम्मेअधिक लोक हिंदू असत. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंचच उंच ताबूत आजही दोन्ही समाज मिळून उचलतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ रचला आणि रा. चिं. ढेरे यांना ‘मुसलमान मराठी संतकवी’ असा स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याइतकी सामग्री मिळाली, ती याच मातीतून.

इथवर सारे गोड आहे. ‘गंगाजमनी’ म्हणून टाळ्या घेण्याजोगेही आहे. पण ही टाळी मला थोडी संशयास्पद वाटते, कारण ज्या रूढीने लच्छा दिला त्याच रूढीने हुंडाही दिला. मुलाणी, पिंजारी, अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार ही नावे गावगाड्याने दिली, आणि त्यांच्याबरोबर सोयरिकीच्या भिंतीही दिल्या. रूढी म्हणजे केवळ लोकसंस्कृतीचे प्रदर्शन नव्हे. म्हणून ‘धर्म वेगळा आणि रूढी वेगळी’ एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे : ही निवड कोण करतो, आणि झाडू हातात घेतल्यावर तो आधी कोणता कोपरा झाडतो?

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हा झाडू प्रामुख्याने धर्मसुधारकांच्या हाती राहिला. देवबंद परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘बहिश्ती जेवर’ लिहिले ते मुख्यतः स्त्रियांसाठी. लग्न, बारसे, मृत्यू या प्रसंगी चालणाऱ्या असंख्य रिवाजांची तपशीलवार झाडाझडती त्यात आहे. त्या काळच्या घरगुती जीवनाचा दस्तऐवज म्हणून तो भाग अभ्यासकाने अवश्य वाचावा. ज्याला रिवाज बुडवायचे होते त्यानेच ते किती बारकाईने नोंदवून ठेवले! पुढे १९२०च्या दशकात मेवातमधून तबलिगी चळवळ निघाली आणि कालांतराने आपल्याकडच्या तालुक्यांपर्यंत पोचली. या सुधारकांनी हुंड्याविरुद्ध लिहिले नाही किंवा मुलींच्या वाट्याचा आग्रह धरला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रंथांत दोन्ही आहे. मोहल्ल्यात पोचेपर्यंत मात्र त्यातले एकच उरते. लच्छा उतरतो, हळद बंद होते, पंजे ‘बिदअत’ ठरतात, दर्ग्याचा संदल टीकेचा विषय होतो, आजीची नऊवारी नातीच्या कपाटातूनही जाते. मोटारसायकल आणि रोख रक्कम तेवढी शिल्लक राहते. खुद्द मेवातमध्ये, जिथून ही चळवळ निघाली, मेव समाजात मुलींना शेतजमिनीत वाटा न देण्याची रूढी तग धरून राहिली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ज्या रूढीत बायकांचा आनंद होता ती गेली आणि ज्या रूढीत पुरुषांचा फायदा होता ती राहिली, असे कोणी म्हटले तर मला ते अतिशयोक्त वाटणार नाही.

मेहर आणि हुंडा यांचा संबंध तर उपरोधाचा उत्तम नमुना आहे. ‘सूरह निसा’मध्ये पुरुषांना आज्ञा आहे ती स्त्रियांना मेहर खुशीने देण्याची. म्हणजे शास्त्रानुसार पैसा वराकडून वधूकडे जायचा. व्यवहारात मेहर निकाहनाम्यावर ‘उधार’ लिहिला जातो आणि खरा पैसा उलट्या दिशेने वाहतो. १९६१च्या हुंडाप्रतिबंधक कायद्यालाही हुंड्याची व्याख्या करताना, मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसारचा मेहर त्यात येत नाही, असे वेगळे नमूद करावे लागले. शास्त्र आणि रूढी यांतली रेघ कायद्याने एका वाक्यात ओढली. समाजाला ती अजून ओढता आलेली नाही.

न्यायालयांचा इतिहासही याच अंगाने वाचण्यासारखा आहे. १८४७ साली मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमन मुलींनी वडिलांच्या मिळकतीत कुराणाने सांगितलेला वाटा मागितला. या जमाती मुसलमान होत्या, पण वारशाबाबत त्यांची रूढी हिंदूंसारखी, मुलींना वगळणारी होती. पेरीसाहेबांनी कौल दिला रूढीच्या बाजूने. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ हे आपल्या परिचयाचे वचन इंग्रज न्यायाधीशाने मुसलमानांच्या घरात नेऊन ठेवले, आणि मुली रिकाम्या हाताने परतल्या. ज्यांना ‘रूढी म्हणजे सहिष्णू, शास्त्र म्हणजे कडवे’ असे सरळ समीकरण आवडते, त्यांनी या खटल्यावर थोडे थांबावे. इथे पोथीच्या बाजूला मुली उभ्या होत्या.

तब्बल नव्वद वर्षांनी, १९३७च्या शरियत कायद्याने ही बाजू उलटवली. विरुद्ध रूढी असली तरी वारसा, विवाह, तलाक, मेहर इत्यादी बाबतींत शरियतच लागू होईल, असे त्यात म्हटले आहे. रूढीमुळे स्त्रियांचे हक्क बुडतात ही तक्रार त्या वेळच्या मांडणीत होती. पण त्याच कलमात एक अपवाद घातला गेला : शेतजमीन वगळून. त्या काळच्या हिंदुस्थानात मिळकत म्हणजे बहुतांशी शेतजमीनच! जिथे वाटा द्यावा लागला असता नेमके तिथेच शास्त्र थांबले. धर्म कुठे संपतो आणि रूढी कुठे सुरू होते हे ठरवताना सातबारा किती प्रभावी भाष्यकार असतो, याचे दुसरे इतके स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

तलाकच्या बाबतीत महाराष्ट्राला एका गोष्टीचा अभिमान वाटायला हवा, पण ती फारशी सांगितली जात नाही. मे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने, लातूरकडच्या एका प्रकरणात, नुसता तलाक उच्चारला किंवा दिल्याचे न्यायालयात सांगितले म्हणजे तो झाला असे मानता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याला सबळ कारण हवे आणि आधी दोन्ही घराण्यांतल्या पंचांमार्फत समेटाचा प्रयत्न झालेला हवा. हे न्यायमूर्तींनी ठरवले ते कुराणाच्या आधारे. सर्वोच्च न्यायालयाचा शमीम आरा निर्णय त्यानंतर काही महिन्यांनी आला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमातला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला, तेव्हा पीठातला मतभेद आपल्या विषयाच्या दृष्टीने मननीय होता. न्या. कुरियन जोसेफ यांचे म्हणणे, जे कुराणाला मान्य नाही ते शरियतमध्ये योग्य असू शकत नाही. अल्पमतातल्या सरन्यायाधीश खेहर यांचे म्हणणे असे की, इतक्या दीर्घकाळ पाळली गेलेली प्रथा त्या पंथाच्या धर्माचाच भाग झालेली आहे. एकाने धर्म ग्रंथात पाहिला, दुसऱ्याने आचरणात. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा वाद ओळखीचा वाटेल. संहिता खरी की तिचे शतकानुशतके झालेले वाचन खरे, हे भांडण आपण वर्गात रोजच करतो; फक्त आपल्या निकालावर कोणाचा संसार अवलंबून नसतो.

आणि काही रूढी तर जुन्याही नसतात. १९८२ साली जळगावात मुस्लिम स्त्रियांनी चित्रपट पाहू नये अशी बंदी घातली गेली, तेव्हा रझिया पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्याविरुद्ध लढा दिला. सिनेमाचा शोध लागण्याच्या बारा-तेराशे वर्षे आधीच्या ग्रंथात सिनेमाबंदी कशी सापडणार? तरीही ती धर्माच्या नावाने आली. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात स्त्रिया मजारीपर्यंत जात असत. गेल्या दशकाच्या प्रारंभी विश्वस्तांनी त्यांना आत जाण्यास मनाई केली आणि न्यायालयात ती धर्मसंमत असल्याचे सांगितले. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मनाई उठवली. म्हणजे चार-पाच वर्षे वयाची रूढी ‘सनातन’ असल्याचा दावा करू शकते! परंपरा हा शब्द कानी पडला की आधी तिची जन्मतारीख विचारावी, हा धडा समीक्षकानेही घ्यायला हरकत नाही.

आता या साऱ्यावर हमीद दलवाई काय म्हणाले असते? मला वाटते, ते अधीर झाले असते. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधानभवनावर नेला, तेव्हा त्यांची भूमिका ‘कुराणात असे नाही’ ही नव्हती. माणूस म्हणून आणि नागरिक म्हणून समान हक्क हवेत, ग्रंथ काहीही म्हणो, ही होती. १९७० साली पुण्यात स्थापलेल्या मंडळाला त्यांनी जोतीरावांचा ‘सत्यशोधक’ हा शब्द दिला तो विचारपूर्वक. याउलट असगर अली इंजिनिअर यांचा मार्ग ग्रंथाच्या नव्या वाचनाचा होता : इस्लामचा मूळ आशय न्यायाचा आहे, सरंजामी रूढींनी तो झाकला, आणि तो पुन्हा उघडा करायचा. मराठीच्या विद्यार्थ्याला ही जोडी नवी नाही. १८९१च्या संमतिवयाच्या वादात रा. गो. भांडारकर धर्मशास्त्रांतून आधार काढून दाखवत होते आणि आगरकरांना मुळात शास्त्राधार मागण्याचीच चीड होती. त्याआधी विष्णुशास्त्री पंडितांनी विद्यासागरांचा विधवाविवाहावरील शास्त्राधार मराठीत आणला तोही भांडारकरांच्याच वाटेचा. आगरकर वाचताना ज्यांचे रक्त उसळते त्यांनी दलवाईंना ‘टोकाचे’ म्हणू नये, आणि भांडारकरांना जे समजून घेतात त्यांनी इंजिनिअरांना ‘कच्चे’ म्हणू नये, एवढी तरी सुसंगती आपण पाळायला हवी.

दलवाईंच्या बाजूने एक मुद्दा निर्विवाद आहे. रूढी वगळून शुद्ध ग्रंथाकडे गेलो तरी सगळे प्रश्न मिटत नाहीत. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, हे रूढीचे नव्हे, ग्रंथाचे सांगणे आहे. चार विवाहांची मुभाही ग्रंथातली आहे, मग तिच्याभोवती कितीही अटी असोत. ‘हे धर्मात नाही’ हा युक्तिवाद जिथे जिंकतो तिथे तो उपयोगी आहे. पण तो वापरताना, जे धर्मात आहे ते आपोआप निर्दोष आहे, अशी मूक कबुली आपण देऊन बसतो. पोथीत नसलेला लच्छा काढून टाकावा असे त्यातून निघते, आणि पोथीत असलेला निम्मा वाटा निमूट स्वीकारावा असेही निघते. मला दोन्ही मान्य नाही. तरीही फरक करण्याचे काम सोडून देता येणार नाही. बाहेरचा माणूस प्रत्येक दोष इस्लामच्या माथी मारतो तेव्हा, आणि आतला माणूस प्रत्येक दोष इस्लामच्या आडोशाला लपवतो तेव्हाही, ते करावेच लागेल. दोघांनाही तो फरक नको असतो, ही त्यांची समान गरज आहे.

या दृष्टीने मुस्लिम मराठी साहित्याकडे पाहिले की एक उणीव जाणवते. तलाक या साहित्यात पुष्कळ आला आहे. दंगल, संशय, घेट्टो, ‘तुम्ही कुठले’ हा छळणारा प्रश्न, हेही आले आहे आणि यायलाच हवे होते. हक्कसोड मात्र माझ्या वाचनात जवळपास आलेली नाही. वडील गेल्यावर भावांनी कागद पुढे करायचा, बहिणींनी सही किंवा अंगठा द्यायचा आणि माहेरची वाट शाबूत ठेवायची, हा व्यवहार उत्तर सोलापुरात, बार्शीत, अक्कलकोटात हिंदूंच्या घरी जसा होतो तसाच मुसलमानांच्या घरी होतो. एका बहिणीच्या मागे १९९४चा महाराष्ट्राचा आणि २००५चा केंद्राचा कायदा उभा असतो, दुसरीच्या मागे चौदाशे वर्षांपूर्वीची आयत. दोघींच्याही सह्या तलाठ्याच्या दप्तरात एकाच शाईत उमटतात. भाऊ दोन्ही घरांत तेच वाक्य बोलतो, की बहिणीने आपण होऊन सोडले. त्या दिवशी जेवायला काय केले होते, कागद कोणी वाचून दाखवला, आई कुठे बसली होती, आणि बाजूला ठेवलेल्या साडीची किंमत किती होती, हे आमच्या कथाकारांपैकी कोणाला तरी ठाऊक असणारच.